बत्तीस वाट्यांचं वाण

हातात कुठलंही भांडं आलं की काकू आधी त्याला नखानं टिचकी मारायच्या, मग ते कानाशी न्यायच्या आणि शेवटी माझ्यापुढे धरायच्या. "तडा नाही ना गं? तू ऐक बघू. माझ्या कानांचं काही खरं नाही." मग तो हॉस्पिटलच्या कँटीनमधला चहाचा कप असो, गार्डन सेंटरमधली कुंडी असो नाहीतर कुणाच्या लग्नात आलेला डिनर सेट असो. एकदा एका दुकानात त्यांनी मांडून ठेवलेल्या वॉश बेसिनला टिचकी मारली, तेव्हा तिथला सेल्समन धावत आला. काकूंनी त्यालाही ऐकायला लावलं.

त्या काही माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते आणि काकू तळमजल्यावर रेकॉर्ड्समध्ये. कोणत्या पेशंटची फाइल कोणत्या क्लिनिकला जायची ते बघून ट्रॉली भरायच्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन तिथं आले, तेव्हा लिफ्टमध्ये माझं मंगळसूत्र बघून त्यांनी मला गाठलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरून निघताना मागचं दार लावलंस ना?" मी लावलं होतं. पण त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत मला चैन पडलं नाही.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. काळजी करणं हा त्यांचा जोडधंदा असतो. काकूंकडून जेवून कुणी निघालं की त्या दारात सांगायच्या, "पोचलात की तीन रिंगा द्या. उचलणार नाही मी, नुसतं ऐकेन." तीन रिंगा द्यायला कुणी विसरलं की पंधरा मिनिटांनी त्या स्वतः फोन करायच्या. आम्ही हसायचो. आमच्यापैकी एकाला तर त्यांची नक्कल छान जमायची. पण आईबापांपासून पाच हजार मैलांवर आपण घरी पोचलो की नाही हे ऐकायला कुणीतरी जागचं हलत नाही, याचा मला त्या काळात किती आधार वाटला हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तेव्हा आमच्या भागात तीसेक मराठी घरं होती आणि संक्रांतीचं हळदीकुंकू काकूंकडे हे ठरलेलं होतं. वाण आणायला त्या दर डिसेंबरात काकांना घेऊन वेम्बलीला ईलिंग रोडवर जायच्या. एका वर्षी चहाची गाळणी, एका वर्षी साबणाची डबी, एका वर्षी स्टीलचा चमचा. मग कधीतरी त्यांच्या कानावर आलं, की कुणीतरी म्हणालं, "काकूंच्या वाणानं माझा एक ड्रॉवर भरलाय." बोलणारी सहज बोलली असेल. काकूंना ते वाक्य दोन वर्षं पुरलं.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. हॉस्पिटलच्या सोशल क्लबनं नोव्हेंबरात मेक्सिकोची एक स्वस्त ट्रिप काढली. कॅनकूनच्या समुद्रकाठी एक आठवडा. आम्ही दोघं आणि काका-काकू असे चौघं गेलो. काय निळा समुद्र होता म्हणून सांगू! काकू मात्र साडीवर कार्डिगन आणि सँडलमध्ये मोजे घालून झावळ्यांच्या छत्रीखाली बसायच्या. एक डोळा पाण्यातल्या काकांवर. "अहो, पुरे! गुडघ्याच्या वर नको!" दुसरा डोळा मांडीवरच्या पिक्चर पोस्टकार्डवर. त्याच्या मागे बायकांची नावं लिहिली होती. बत्तीस.

"यंदा असं वाण द्यायचं गं, की जे कुणाकडे नाही," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मोठमोठ्या टोप्या, झुले, रंगीत कांबळी, चांदीचे डूल, लाकडाचे मुखवटे. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दुकानात टोपी घेतली आणि ती घालून तो दिवसभर विदूषकासारखा फिरला. काकूंचं मात्र कुठंच जमेना. मुखवटा बघून म्हणाल्या, "नको बाई, कुणाची पोरं दचकतील." डूल बघून, "चांदी खरी कशावरून?" कांबळं गालाला लावून, "चावतं." मी उन्हानं आणि चालून कंटाळले होते. कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं मला.

आणि मग गल्लीच्या टोकाला ते मातीच्या भांड्यांचं दुकान दिसलं. दोन वेण्या घातलेली, एप्रन बांधलेली एक वयस्कर बाई स्टुलावर बसली होती. समोर वाट्यांच्या चळती. तांबूस वाट्या, आत पिवळी फुलं, हिरवी पानं आणि वरून अशी झिलई की नुकतंच तेल चोपडलंय असं वाटावं. आमटीच्या वाटीपेक्षा लहान, बरोबर लोणच्याच्या मापाची. काकूंनी एक उचलली, टिचकी मारली, कानाशी नेली. त्यांचा चेहरा असा खुलला की माझा कंटाळा पळाला.

बत्तीस वाट्या निवडायला आम्हाला तासभर लागला असेल. काकू टिचकी मारायच्या, ती बाईही टिचकी मारायची. काकूंनी मान हलवली की ती वाटी बाजूला ठेवायची. एकीला मराठी येत होतं, दुसरीला स्पॅनिश, आणि दोघींचं झकास चाललं होतं. कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून घासाघीसही झाली. सगळं ठरल्यावर त्या बाईनं एक वाटी उलटी केली. बुडाखालच्या बैठकीच्या कड्याला दोन बारीक भोकं होती. त्यातून तिनं दोरा ओवला आणि वाटी भिंतीवरच्या खिळ्याला टांगून दाखवली. मग बोट नाचवून नको नको म्हणाली आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं. तसं तिनं दोनदा केलं.

"काय म्हणतेय गं?" काकूंनी मला विचारलं.

"भिंतीला लावा म्हणतेय. आणि तिची जेवायची वेळ झाली असणार. चला, आटपा."

"वाटी कुठं भिंतीला लावतात!" काकू हसल्या.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ते जेवायच्या वेळेचं वाक्य माझं होतं. दिवसभर बाटल्यांवर विषाची लेबलं लावणाऱ्या बाईचं.

परतताना प्रत्येक वाटी काकांच्या मोज्यात नाहीतर बनियनमध्ये गुंडाळली गेली. बॅगेत जागा उरेना म्हणून काकांनी तीन स्वेटर अंगावर चढवले आणि त्या उकाड्यात विमानतळावर निमूट उभे राहिले. काका बोलायचे कमीच. सायकलच्या कारखान्यात आयुष्य गेलं होतं. काकू बोलायच्या आणि ते मान हलवायचे, असा त्यांचा संसार होता.

हळदीकुंकू फार गाजलं. वाटीत तिळगूळ घालून काकू एकेकीच्या हातात देत होत्या आणि बायका "अय्या, किती गोड!" म्हणत होत्या. मीनलला त्यांनी दोनदा तिळगूळ दिला. मीनल आमच्यातली सगळ्यात धाकटी. पहिलटकरीण, चौथा महिना संपत आला होता तरी उलट्या थांबत नव्हत्या. तिची काळजी घ्यायला पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. "या वाटीत माझं लोणचं घालीन काकू," मीनल म्हणाली. "लिंबाचं लोणचं आणि मऊ भात, एवढंच पोटात राहतं बघा." काकू धन्य झाल्या.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी त्याच वाटीत दही घालून लॅबच्या टी-रूममध्ये बसले होते. आमच्या सीनियरनं वाकून बघितलं आणि विचारलं, "यू डोन्ट ॲक्च्युअली ईट आउट ऑफ दॅट, डू यू?" मग तो म्हणाला की अशा झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट काही घातलं की ते सुटून येतं. मी त्याच्यासमोर दही बेसिनमध्ये ओतलं. वाटीत व्हिनेगर भरलं, ती झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते व्हिनेगर शिसं मोजायच्या मशीनला लावलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. लिंबाचं लोणचं, ताक, चिंचेची चटणी: जगात आपल्याइतकं आंबट वाटीत घालणारं दुसरं कोण असेल?

मी जिना उतरून रेकॉर्ड्समध्ये गेले. काकूंना सांगितलं. हातातली फाइल त्यांनी आधी ट्रॉलीत नीट लावली. नंतर म्हणाल्या, "ती बाई सांगत होती गं आपल्याला."

मी म्हटलं, "काकू, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"वाण मी दिलं ना?" त्या म्हणाल्या. पुढे कितीही वेळा मी ती चूक माझ्याकडे ओढायचा प्रयत्न केला तरी त्यांनी ती सोडली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना फोन केले. सगळ्यात आधी मीनलकडे. मी शेजारी उभी होते. फोन सासूबाईंनी घेतला. मीनल दोन्ही वेळा त्याच वाटीत लोणचं घेत होती. वाटीत लोणचं असंच मुरत ठेवलेलंही होतं, झाकून. "ते टाकून द्या. वाटी वापरू नका. उद्याच जीपी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासायला सांगा," एवढं काकूंनी नीट सांगितलं. फोन ठेवला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. "अजून दिवस भरायचेत त्या जिवाचे," त्या म्हणाल्या. काका स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले आणि ग्लास धरून तसेच उभे राहिले.

फोनवर सांगून काकूंचं समाधान होणं शक्यच नव्हतं. "वाटी घरात राहिली की आज ना उद्या कुणीतरी त्यात वाढणारच. परत आणायला हव्यात." पण सवाष्णींना दिलेलं वाण परत कसं मागायचं? मीनलच्या सासूबाईंनी तर साफ नकार दिला. "पोटुशीच्या ओटीतलं काढून नेता? वापरणार नाही आम्ही, पण परत द्यायची नाही. अपशकुन नको." आणि खरं सांगू का, काकूंनाही मनातून तेच वाटत होतं. काकांना आदल्याच वर्षी हृदयाचा, अँजायनाचा त्रास सुरू झाला होता. सौभाग्याचं वाण परत घ्यायचं म्हटलं की त्यांचा हात गळ्यातल्या मण्यांकडे जायचा. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, "काकू, हे शिसं आहे. त्याला शकुन-अपशकुन कळत नाही."

"पण माणसांना कळतो ना गं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या सॅम्पल घ्यायच्या खिडकीत काकू. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी ठरल्याचं दिसत होतं. "रथसप्तमीला अजून आठ दिवस आहेत. हळदीकुंकू तोवर करता येतं. प्रत्येकीनं आपल्या घरी करायचं. बोलवायचं मला एकटीला. आणि वाण म्हणून ती वाटी मला द्यायची. मी परत मागत नाही, तीच मला देतेय!"

सासूबाईंना हे पटलं. वाण देण्यात पुण्य होतं, मग त्या नाही कशाला म्हणतील?

मग आठ दिवस रोज काम सुटलं की मी माझी जुनी गाडी काढायची आणि काकू शेजारी बसायच्या. बीस्टन, वेस्ट ब्रिजफर्ड, लाँग ईटन, थेट डर्बीपर्यंत. बाहेर बर्फाचा चिखल. प्रत्येक घरी दारात हळदीकुंकू, अत्तराचं बोट, हातात साखर आणि पदरात वाटी. प्रत्येक घरी काकूंचा एकच प्रश्न: "खाल्लं नाही ना कुणी यातून? आंबट काही घातलं नाही ना?" कुणी त्यात पिना ठेवल्या होत्या, कुणी तशीच कपाटात टाकली होती. हे ऐकलं की त्या तिला जवळ घ्यायच्या. वाण न आवडल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. चार घरं झाली की कपाळ कुंकवानं भरून जायचं. पेट्रोल पंपावरचा माणूस मला हळूच म्हणाला, "इज युअर मम ब्लीडिंग, लव्ह?"

एकीनं आपली वाटी बहिणीला दिली होती. बहीण स्टॅनमोरला. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी काकू एकट्या बसनं लंडनला गेल्या, भुयारी रेल्वेच्या जुबिली लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर उतरल्या, कधी न पाहिलेल्या बाईकडून हळदीकुंकू लावून घेतलं आणि वाटी घेऊन परत आल्या. सगळ्या वाट्या त्यांनी आणि काकांनी कौन्सिलच्या ऑफिसात नष्ट करण्यासाठी नेऊन दिल्या. तिथल्या माणसाला काकूंनी तीनदा बजावलं, "यू विल नॉट टेक होम, नो? नॉट फॉर वाइफ, प्लीज?"

राहिला मीनलचा रिपोर्ट. रक्त लॅबमध्ये आलं, आणि कळलं तरी मला ते बाहेर बोलता येत नव्हतं. काकूंना नियम माहीत होता. त्या विचारायला आल्या नाहीत. नुसत्या दुपारी जेवणाच्या सुटीत खिडकीपाशी येऊन उभ्या राहायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि जायच्या. मी मान खाली घालून टेस्ट ट्यूब मोजायची. आणखी एक गोष्ट त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितली. त्या आठवड्यात गरोदर बायकांच्या अँटीनेटल क्लिनिकची ट्रॉली भरताना मीनलची फाइल त्यांच्या हातात आली होती. रिपोर्ट वरच लावलेला असणार. "उघडली नाही गं. बघावंसं फार वाटलं. पण आपली नव्हती ना ती." त्यांनी फाइल ट्रॉलीत ठेवली, ट्रॉली ढकलत क्लिनिकला नेली आणि परत आल्या.

शेवटी मीनलनंच त्यांना सांगितलं. शिसं थोडं वाढलेलं होतं, महिन्यानं पुन्हा तपासलं तेव्हा उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. पण डॉक्टरनं काळजी करू नका म्हटलं म्हणून काकू थोड्याच थांबणार होत्या!

जूनमध्ये मुलगी झाली. रेवा. चांगली सात पौंडांची, काळेभोर केस. बारशाला काकू आल्या आणि दाराशीच बसल्या. मांडीवर घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "सर्दी झालीय मला." सर्दी नव्हती. मी लॅबमधल्या पुस्तकातून त्यांना एकदा वाचून दाखवलं होतं, की शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, शिकणं, बोलणं मागे पडू शकतं. का वाचून दाखवलं, देव जाणे. त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मीनलला त्यांचा फोन. मान धरली का? पालथी पडली का? हाकेला वळून बघते का? रेवा सगळं वेळेवर करत गेली. फक्त बोलेना. दीड वर्षाची झाली तरी नुसतं हूं आणि अं. घरी येऊन मुलांना तपासणारी हेल्थ व्हिजिटर म्हणाली, घरात दोन भाषा असल्या की मुलं उशिरा बोलतात. कान तपासले, चांगले होते. मीनलला स्वतःला फारशी चिंता नव्हती. तिचा नवराही तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता, असं सासूबाई पुण्याहून पत्रात लिहायच्या. काकूंना यातलं काहीही पटत नव्हतं. "काही म्हणाली का?" फोन उचलताच हा प्रश्न. मीनलनं कधी उत्साहानं सांगितलं, "आज बॉल म्हणाली," की त्या मला कळवायच्या आणि लगेच, "पण एकच शब्द गं. पुढे?"

संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू व्हायचं, पण वाण म्हणून फक्त एक केळं. मी त्यांना खूपदा म्हटलं, की काकू, त्या वाटीशी याचा काही संबंध नसेल. असेलही, नसेलही, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बोलली म्हणजे सुटले मी."

रेवा सव्वादोन वर्षांची असताना, एका रविवारी दुपारी, काकू गेल्या. काळजी सगळी काकांच्या हृदयाची केली आणि झटका आला तो त्यांना. मीनल त्या दुपारी वाट बघत होती. फोन आला नाही म्हणून तिनंच केला. तो काकांनी उचलला.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे काकांकडे जमलो होतो. पुढच्या खोलीत फोटोला हार घातला होता, गुरुजी लेस्टरहून आले होते. मीनल रेवाला घेऊन माझ्याशेजारी बसली. मंत्र सुरू झाले आणि त्यांच्याबरोबर रेवा.

"आई, हा अंकल काय गातो? ती आजी फोटोत का बसला? तिला लाडू नाही? तिला भूक लागला तर? मी देऊ? आई, आय कॅन डू इट, मी देते ना. आजी, तू कुठे गेला?"

मीनल लाजेनं लाल झाली. "रेवा, शू! बोलायचं नाही आता." तिनं लेकीच्या तोंडावर हात ठेवला. मागूनही कुणीतरी "शू" केलं.

काका पाटावर बसले होते. हातातली पळी त्यांनी खाली ठेवली आणि मागे वळले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता.

"हात काढ, मीनल. बोलू दे तिला. हिला फार ऐकायचं होतं."

मीनलनं हात काढला. गुरुजींनी पोथी मिटून मांडीवर ठेवली. रेवा उठली, फोटोपाशी गेली आणि बोलत राहिली.